देवघर हलवलं तेव्हा

आई, स्वयंपाकघराला रंग द्यायचा म्हणून गेल्या आठवड्यात देवघर उतरवलं, आणि तू असताना विचारायचं राहून गेलेलं एक पुन्हा डोक्यात घोळायला लागलं. वरच्या पाट्टींकडे, त्या तमीळ आजींकडे, तू रोज चारला जायचीस, तेव्हा तुम्ही दोघी बोलायचात तरी काय? तुझं तमीळ भाजीवाल्याला ‘वेंडाम’, म्हणजे नको, म्हणण्यापुरतं, आणि त्यांना मराठीचा गंध नाही.

त्सुनामीनंतरचं वर्ष होतं. वरच्यांनी फ्लॅट नव्याने करायला काढला होता. दोन आठवडे सकाळपासून घण बसत होते आणि मी बँकेच्या परीक्षेची पुस्तकं उघडून, कानात कापूस घालून बसलेलो. पाट्टींचं खुब्याचं हाड मोडलेलं. मागच्या संडासापर्यंत त्यांना चालवेना, म्हणून मुलाला हॉलच्या कोपऱ्यात, त्यांच्या खाटेजवळच नवा करायचा होता, आणि त्यासाठी खालच्यांची म्हणजे आपली सही हवी होती. बाबांनी मला टेप देऊन जागा मोजायला वर पाठवलं. मी खाली येऊन सांगितलं, बरोबर आपल्या हॉलमधल्या देवघरावर येतो. झालं. मांबलमच्या या इमारतीत इतकी वर्षं कुणाशी वाकडं न बोललेले बाबा जिन्यात उभे राहून म्हणाले, “माझ्या देवांच्या डोक्यावर संडास? मी सही करणार नाही.” वरचा मुलगा हात जोडून इंग्रजीत समजावत राहिला. पुढे वरचं काम थांबलं आणि दोन्ही घरांचं बोलणंही बंद झालं. तू तेवढी वर जात राहिलीस. बाबांना वाटायचं, भांडायला जाते. मी एकदा डोकावलो तर तू पाट्टींना दोन्ही हातांनी धरून मागच्या संडासाकडे नेत होतीस, भिंतीला टेकत, एकेक पाऊल. आणि दोघी हसत होतात. कशाला, ते मला अजून कळलेलं नाही.

मग एका शुक्रवारी बाबा एग्मोरच्या ऑफिसातून येतात तर हॉलचा कोपरा रिकामा. देव स्वयंपाकघरात, मिक्सरच्या जागी. बाबा बघतच राहतात. मला विचारायचं तरी, म्हणतात. तू पोळी लाटतेयस, मान वर करत नाहीस.

“त्या पावलापावलाला मुरुगाला हाक मारतात. आपला गणपती त्याचाच भाऊ. तो काही रुसायचा नाही.”

जेवण झाल्यावर बाबांनी सही केली. एवढं सगळं तू कधी आणि कसं ठरवलंस, याचं मला आजही नवल वाटतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून लिहितो. टेप मी नीट लावली होती. संडास देवघरावर येत नव्हता, चांगला दोन हात बाजूला, आपल्या चपलांच्या रॅकवर येत होता. मला फक्त ते घण थांबायला हवे होते. त्यापायी पाट्टी महिनाभर भिंत धरून चालल्या, आणि त्याची मला फार लाज वाटते. तू कधी मोजून पाहिलं होतंस का गं?

काल रंग वाळला. बायको म्हणाली, देव परत हॉलमध्ये नेऊया का, तिथे उजेड चांगला आहे. मी म्हणालो, नको, वर संडास आहे.