टाक्याला कुलूप

लोणावळा
२२ जानेवारी २०२३

ती. अक्कास,
कोंडाजीचा सा.न.वि.वि.

तुमच्या उंबरदऱ्याला रेंज नाही, म्हणून मोठी बातमी पोस्टाने पाठवतोय. तुझा भाऊ सरकारी तज्ज्ञ झाला! मावळातला जुना ठेवा कसा जपावा, हा सल्ला द्यायला एक समिती नेमली आहे, तिच्यात मी आहे. तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली आणि सुट्टीत लेण्यांची चित्रं काढली, एवढंच माझं पुण्य. पहिल्या बैठकीला कोट घालून गेलो. बाकी सगळे साध्या शर्टात. शिपायाने मलाच अध्यक्ष समजून आधी पाणी दिलं, आणि मीही ते अध्यक्षासारखं प्यालो.

तुमच्या डोंगरातलं कातळात खोदलेलं टाकं मीच यादीत घातलं. भिंतीवर दोन हजार वर्षांपूर्वीची अक्षरं, आणि तिथे तुम्ही बायका हंडे आपटता! मी कलम लिहिलं: मानवी वापर पूर्णपणे बंद, जाळी आणि कुलूप. कोणी विरोध केला नाही. जेवण आलं होतं म्हणून असेल, मी मात्र ते माझ्या भाषेचं वजन समजलो.

गुडघ्याला तेल लावत जा. या शहाण्या भावावर लोभ आहे तसाच असू दे.

तुझा,
कोंडाजी


उंबरदरा
२० एप्रिल २०२३

चि. कोंडाजीस झुंबरबाईचे अ.उ.आ.

मी सांगतीय, नात कोमल लिवतीय. जसंच्या तसं लिव म्हनलंय, पर ती म्हनती, आज्जी, शिव्या गाळते.

फेब्रुवारीत टाक्याला जाळी बसली. मानसं म्हनाली, तज्ज्ञांचा हुकूम हाय. कागद दाखवला. कोमलनं खालची नावं वाचली तशा समद्याजनी माझ्याकडं बघाया लागल्या. मी म्हनलं, आसंल कुनी दुसरा कोंडाजी. लय लाज वाटली रं.

दर साली होळी झाली की आमी सात-आठजनी टाक्यात उतरून गाळ काडतो, भितीतली उंबराची मुळं हातानं उपटतो. तुजी ती अक्षरं त्याच्यामुळं टिकली. औंदा कुलूप. पानी हिरवं झालंय, आत पारवा मरून पडलाय, मुळानं भितीला चीर गेलीय. आमी खालच्या हिरीवरनं पानी आनतो. परवा चढावर भामाबाई हंड्यासकट घसरली, मनगट मोडलं. ठेवा जपायचा तो कुनासाटी, ते तुज्या कागदात लिवायचं ऱ्हायलं का?

येऊन बघ. कोट आनू नको.

रागावले तरी भनीचा जीव तुज्यापाशीच हाय, हे इसरू नको.

झुंबरबाई


लोणावळा
९ मे २०२३

ती. अक्कास सा.न.वि.वि.

पत्र तीनदा वाचलं. कोमलने गाळलेल्या शिव्याही ऐकू आल्या.

काल बैठकीत उभा राहिलो आणि म्हणालो, टाक्याचं कलम रद्द करा. अध्यक्षबाईंनी विचारलं, हे कलम लिहिलं कुणी? मी हात वर केला. सगळे हसले. मग तुझं पत्र वाचून दाखवलं. भामाबाईच्या मनगटापाशी हसणं थांबलं. एक सदस्य म्हणाले की उघडं ठेवलं तर उद्या कोणीही साबण आणि कपडे घेऊन येईल. त्यांचंही खोटं नव्हतं. मी म्हणालो, राखण गावातल्या बायकांकडे द्या, नियम त्यांनाच विचारून करा. बाई म्हणाल्या, मग आधी का नाही विचारलंत?

त्या टाक्याची मी दहा चित्रं काढली, अक्का. एकातही बाई नाही. चित्र बिघडतं म्हणून मी तुम्हाला बाजूला व्हायला सांगायचो.

शेवटी ठरलं ते असं: एक वर्ष टाकं गावाकडे. साबण नाही, हंडे भिंतीपासून हातभर लांब, गाळ तुम्ही काढायचा. चिरेला मात्र हात लावू नका, ती बुजवायला जाणकार माणूस येईल. किल्ली तुझ्याकडे. एकवीस तारखेला कामशेतला उतरून मीही गाळ काढायला येतो.

भामाबाईला तोंड कसं दाखवू, ते तेवढं सुचव. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
कोंडाजी


उंबरदरा
३० मे २०२३

चि. कोंडाजीस अ.उ.आ.

सुखरूप पोचलास हे कळलं. कंबर कशी हाय? गाळात कमरेइतका रुतलास तवा तिघींनी वडून काडला, ते गाव अजून सांगतंय. कोमलनं फोटू काडलाय. समितीला धाडू का, इचारती.

तू गेल्यावर दोन दिसांनी टाक्यातल्या झऱ्याचं पानी नितळ झालं. चीर बुजवाया मानूसबी येऊन गेला. शाना हुता, कामाला हात लावायच्या आदी आमाला इचारत हुता.

भामाबाईची माफी मागाया तू उभ्यानं येवढं लांबलचक भाषान केलंस. तिनं समदं ऐकलं आन रिकामा हंडा तुज्याम्होरं सरकवला. अर्दं पानी तू वाटंत सांडलंस, तवा तिनं दुसरी खेप आनाया लावली. ते बघून माझा राग निवला बग.

काल इचारत हुती, तुजा भाऊ परत कंदी येनार? मी म्हनलं, अजून माफ न्हाई का केलंस? तर म्हनती, माफी तवाच झाली, पर पलास्तर सुटाया पंदरा दीस हायेत आन रांजन रिकामा हाय.

तवा ऐतवारी ये. आमी समद्या वाट बगतोय.

झुंबरबाई