केझायासाठी वाजलेल्या घंटा

प्रिय सायलस,

आधी चष्मा लाव आणि खुर्चीत नीट बस. गेल्या रविवारी आपल्या केझायासाठी चर्चच्या सगळ्या घंटा वाजल्या, आणि दोर ओढणाऱ्यांचा म्होरक्या होता अँब्रोज लॅव्हेंडर. हो, तोच. शाळेच्या वाटेवर तुला बघून 'पास्क आला रे, विहीर झाका' असं ओरडणारा. वय झालं तरी हात अजून दणकट आहेत मेल्याचे.

हे सगळं नव्या पाद्रीसाहेबांमुळे घडलं. मिस्टर ओल्ड्रिज तरुण आहेत, गावातली जुनी वैरं त्यांना ठाऊक नाहीत. मी शाळेच्या कचेरीत टायपिंग करायचे, असं त्यांना कुणीतरी सांगितलं. चर्चमधली बाप्तिस्म्याची आणि दफनांची जुनी दप्तरं ओलीने खराब होताहेत, त्यांची नक्कल करून द्याल का, असं विचारत ते दारात आले. मी म्हटलं, आम्ही पास्क चॅपेलवाले, वेगळ्या पंथाचे, चर्चची पायरी चढत नाही. त्यावर ते म्हणाले, "मग मागच्या दाराने या. तिथे पायरीच नाही." मला हसू आलं, आणि एकदा हसू आलं की माझ्याच्याने नाही म्हणवत नाही.

खरं सांगते, केझायाच्या मृत्यूचं साल जवळ येऊ लागलं तशी मी पानं हळूहळू उलटायला लागले. आपल्या पणजोबांची आई, अंगावरचं लेकरू घरी ठेवून गिरणीच्या तळ्यात गेली. तिने जीव दिला, पास्कांच्या रक्तातच ते आहे, असं गावाने ठरवून टाकलं. त्या बोलण्याला कंटाळून पणजोबा चॅपेलमध्ये जाऊ लागले. पुढे तू लॅव्हेंडरांच्या घरून टोपी हातात घेऊन परत आलास आणि महिन्याभरात तस्मानियाच्या बोटीत चढलास. त्याविषयी आपण दोघं कधीच बोललो नाही.

जीव देणाऱ्याला चर्चची प्रार्थना मिळत नसे, म्हणून दफनांच्या दप्तरात तिचं नाव नसणारच, असं मी धरून चालले होते. पण नाव होतं, सायलस. केझाया पास्क, सगळ्या विधींसह दफन. मी बोट ठेवून तीनतीनदा वाचलं. मग मनात आलं, त्याच आठवड्यातले बाप्तिस्मे बघावेत. तिथे थॉमस लॅव्हेंडर, गिरणीवाल्याचा मुलगा. पोर जगेल असं वाटेना म्हणून गिरणीतच घाईने बाप्तिस्मा दिलेला. शेजारी त्या वेळच्या पाद्र्याने बारीक अक्षरात लिहिलंय, 'यास केझाया पास्क हिने तळ्यातून काठावर ढकलले. ती स्वतः बुडाली.' तळ्याचं कुंपण मोडकं असणार आणि दोष आपल्यावर येईल म्हणून गिरणीवाला गप्प बसला असणार, असा माझा तर्क आहे. तो पाद्री लवकरच दुसरीकडे गेला. गावाला जे बोलायचं होतं ते गाव बोलत राहिलं.

मी नक्कल घेऊन तडक अँब्रोजकडे गेले. तो परसात घेवड्याच्या शेंगा तोडत होता. चहा विचारला नाही, बस म्हणाला नाही. कागद वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. मग टोपली खाली ठेवून म्हणाला, "थॉमस म्हणजे माझ्या आजोबांचे वडील, मर्सी." मी म्हटलं, "ठाऊक आहे. म्हणून तर आले." त्याने कागद घडी करून खिशात ठेवला. "म्हणजे ती नसती तर आमच्यातलं कुणीच नसतं," म्हणाला, "आणि आम्ही तुम्हाला काय काय बोललो." त्याला तसंच राहू दिलं, आणि मला त्याचं जरासुद्धा वाईट वाटलं नाही.

रविवारी मी पुढच्या दाराने चर्चमध्ये गेले, निळी हॅट घालून. प्रार्थना संपल्यावर अँब्रोज उठला आणि भरल्या चर्चसमोर ती नोंद त्याने मोठ्याने वाचली. नंतर म्हणाला, "आमच्या घराने पास्कांवर खोटा डाग लावला. आज या घंटा केझायासाठी आहेत." आणि घंटांच्या मनोऱ्यात वर गेला. सायलस, खिडकीच्या काचा थरथरत होत्या. चॅपेलची मंडळी रस्त्यावर येऊन उभी राहिली. दुकानदारीण बाई, जिने जन्मात मला कधी आधी हाक मारली नाही, ती माझा हात हातात घेऊन रडत होती, आणि मी मात्र राणीसारखी ताठ उभी.

आता मुद्द्याचं. बाहेर फाटकापाशी अँब्रोजची बहीण रोझामंड थांबली होती. भावाच्या बोलण्याने तिचा चेहरा लाल झाला होता. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला, हे मी तुला मुद्दामच कळवलं नव्हतं. 'बुडणाऱ्या रक्तात मुलगी देणार नाही,' असं तिच्या वडिलांनी तुला दारातून सांगितलं, तेव्हा ती जिन्यात उभी राहून ऐकत होती, हे तिने मला तिथेच फाटकापाशी सांगितलं. मग विचारलं, सायलसचा पत्ता देशील का? मी म्हटलं, आधी त्याला विचारते. तेवढं विचारण्यासाठीच हे पत्र. नाही म्हणायचं असेल तर दोन ओळी लिही. हो असेल तर लिहीत बसू नकोस, बोटीचं तिकीट काढ.

तुझीच,
ताठ मानेची बहीण मर्सी