सीटवर टाकलेला रुमाल

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत.
छायाचा फोन आला नाही. दुपारी मीच केला. तिळगूळ घ्या, गोड बोला म्हणालो. ती 'हो' म्हणाली. आवाज बरा वाटला. दिवाळीला बहिणीकडे, जयमालाकडे, देऊळगावराजाला चार दिवस म्हणून गेली ती अजून तिथेच आहे. मोताळ्यात लोक विचारतात. मी सांगतो, गुडघ्याची ट्रीटमेंट चालू आहे. गुडघ्याला खरंच काही झालंय का, हे विचारायचं राहिलं.
तेहेतीस वर्षांच्या संसारात बायकोला थोडा चेंज लागतोच. तो मी देणार.

१५ जानेवारी
पेपरात आलंय. सिंदखेडराजाला पर्यटकांसाठी खास बस. एकदाच तिकीट काढायचं, दिवसभर हवं तिथे उतरायचं, बघायचं, मागच्या गाडीत परत चढायचं. दोन गाड्या सारख्या फिरत असतात. जयमालाच्या घरापासून सिंदखेड जवळच. रविवारी छायाला तिथे बोलवायचं, इतिहास दाखवायचा, संध्याकाळी सोबत मोताळा. फोन केला तर लगेच हो म्हणाली. एवढं सोपं होतं तर अडीच महिने उगाच घालवले.

१७ जानेवारी
तक्ता तयार. राजवाडा चाळीस मिनिटं, नीळकंठेश्वर पंचवीस, मोती तलाव तीस (जेवणासह). कृषी पर्यवेक्षक म्हणून एकोणतीस वर्षं शेतकऱ्यांच्या सहली नेल्या, एकही लेट नाही. अकोल्याला दोघं मागे राहिले होते, पण ती त्यांची चूक.
निश्चय: तिला मध्येच तोडायचं नाही. आवाज चढवायचा नाही. भाजीतल्या मिठाचा विषय काढायचा नाही.
शेजारच्या गोजरबाईंना सांगितलं, सोमवारपासून डबा नको, छाया येते आहे. "हाव, आल्यावर पाहू," म्हणाल्या. बाईंना आनंद दाखवता येत नाही.

१९ जानेवारी, रविवार. सकाळी ९.२०, सिंदखेडराजा
पहाटेच्या एसटीने आलो. छाया माझ्याआधी येऊन उभी. चष्म्याची फ्रेम बदलली आहे, मला न विचारता. काही बोललो नाही. फक्त जुनी जास्त शोभत होती एवढंच म्हणालो.

१०.१५
बस वरून उघडी. डावीकडच्या पहिल्या दोन सीट मिळवल्या. राजवाड्यापाशी सगळे उतरले, छायाही उठली. उतरलो तर सीट जाईल, हे तिला समजावून सांगितलं. रुमाल टाका म्हणाली. आजकाल रुमालाला कोण विचारतं? ती उतरली. मी एका सीटवर बसून दुसरीवर रुमाल टाकला. गाडी निघाली. गाडी कुणासाठी थांबत नाही, हे पेपरात स्पष्ट लिहायला हवं होतं.

११.४०
दुसरी फेरी. स्पीकरमधली बाई सनावळी फार भरभर सांगते. हात वर करून तसं बोललो. ड्रायव्हर म्हणाला, काका, रेकॉर्डिंग आहे.
नीळकंठेश्वरापाशी छाया दिसली. सकाळी आमच्याच गाडीत असलेल्या जालन्याच्या तीन बायकांबरोबर पायरीवर बसून हसत होती. इतकी हसायला तिला काय सापडलं कळलं नाही. वर ये म्हणून हात केला. तिनेही हात हलवला. खुणेची भाषा तिला आधीपासून जमत नाही.

१.१५
मोती तलावावर शेवटी उतरलो, कारण ती तिथे भेळ खाताना दिसली होती. मी पोहोचेपर्यंत ती दुसऱ्या गाडीत. डावीकडची पहिली सीट! वरून तिने विचारलं, जेवलात का. उत्तर देईपर्यंत गाडी गेली. माझीही गेली, रुमालासकट.

३.४०
समाधीच्या थांब्यावर गाठ पडली. आधी तक्त्याप्रमाणे न वागल्याचं बोललो, शांतपणे. मग विचारलं, सामान कुठे आहे, साडेचारची एसटी आहे. खांद्याला नुसती पर्स.
"मी येत नाही आता," ती म्हणाली. "जयमालासंग मेस चालवतो मी. बारा पोरी जेवतात."
मग आज कशाला आलीस, म्हणालो.
"तुम्ही बोलावलं म्हणून. आन् मले हे पाहाचं होतं. तुमच्यासंग लय गावं पाहिली मी, समदी खिडकीतून. आज राजवाड्यात भिताडाले हात लावून पाहिला. गार लागते."
मी म्हणालो, भिंत आहे, गारच लागणार. मेसचं ऐकून तोंडातून निघून गेलं की बारा पोरींना मीठ तरी नीट पडतं का. आवाज चढला असावा, कारण जालन्याच्या बायका वळून बघायला लागल्या. छाया उठली. बीपीची गोळी वेळेवर घेत जा म्हणाली आणि आलेल्या गाडीत चढली. गाडीत जागा होती. मीच चढलो नाही.

२१ जानेवारी
विचारांती, दिवस एकंदर यशस्वी. ती 'आता' येत नाही म्हणाली. आता म्हणजे सध्या. फेब्रुवारीत पुन्हा बोलू.
नको सांगूनही गोजरबाईंनी काल डबा आणला. विसरल्या असतील.

२६ जानेवारी, रविवार
थंडी वाढली आहे. छायाला स्वेटर पाठवावा म्हणून कपाटाची तिची बाजू उघडली. ती बाजू मी कधी उघडत नाही.
रिकामी. एक पोलकं नाही. खणांमध्ये पेपर अंथरलेले, कडा नीट कापून. तारीख पाहिली. सप्टेंबरची, पोळ्याच्या आठवड्यातली. ती तर दिवाळीला गेली.
म्हणजे मधले दोन महिने कपडे कुठे होते? आठवून पाहिलं. दिवाणाखाली निळी बॅग असायची, भरलेली. येता-जाता पायाला लागायची. दोनदा ठेचकाळलो तेव्हा छायावर ओरडलो होतो.
नंतर मीच ती उचलून दाराजवळ नेऊन ठेवली.