भट्टी बरोबर होती, मामा

प्रिय मामा,

काल तुमच्या तेराव्याला घणसोलीच्या घरी आले होते. मामी सहज बोलल्या, "ते शेवटपरेंत सांगायचे, भट्टी माज्याच हातून जास्त तापली. डोल्यांनी दगा दिला." मामा, तुम्ही ते खरं मानून गेलात? म्हणून आज लिहायला बसलेय, सहा वर्षं उशिरा.

आपल्या रबाळ्याच्या फोर्जिंग शॉपमध्ये धातू तापवायची भट्टी आणि तो ठोकून घडवणारा हॅमर तीस वर्षं तुमच्या हाती, ताप तुम्ही रंग बघून डोळ्यांनीच ओळखायचात, आणि मी सहा महिन्यांची इंजिनिअर. पहिल्या दिवशी तुम्हाला "साहेब" म्हणाले तर केवढे हसलात! "मामा बोल गो, सगली मामाच बोलतात."

टायटॅनियमचा तो तुकडा आठवतो? दुसऱ्या दिवशी माल न्हावा शेव्याच्या बंदरात पोचायचा होता. टायटॅनियम भट्टीबाहेर आलं की वरून चटकन गार होतं आणि गार अंगावर घाव बसला की चिरतं. त्या भीतीने मी ओरडत होते, "मामा, पटापट मारा!" तुम्ही हॅमर थांबवलात. "पोरी, लोखंड नाय हाय यो. वरून गार दिसतंय, पन आत तापलंय. परत भट्टीन ठेव, दम खाऊ दे, आत-बाहेर सारखं होऊ दे." मी टेम्परेचर गन तुमच्यापुढे नाचवली. "आकडा बघा. आकड्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं का?" चार माणसांसमोर बोलले मी. तुम्ही हॅमर पुन्हा चालवलात, मी म्हणत होते तसा पटापट.

तुकडा ताणाच्या चाचणीत फार लवकर तुटला. रिपोर्ट मी लिहिला: भट्टी जास्त तापवली, चूक कामगाराची.

चार दिवसांनी तो तुकडा कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. कडेला बारीक गोल कण, अगदी हवे तसे. पुन्हा पुन्हा येणारा ताण सोसणारे. मधोमध मात्र जाड, लांब पट्ट्या. ठरावीक तापमान ओलांडलं की टायटॅनियमची आतली घडणच बदलते, मग कितीही निगुतीने गार करा, ती परत येत नाही. पण भट्टीच जास्त तापली असती तर कडासुद्धा बिघडल्या असत्या ना! कडा शाबूत होत्या. भराभर घातलेल्या घावांची उष्णता आत कोंडून गाभा तापला होता, आणि माझी गन नुसतं वरचं अंग बघत होती. तुम्ही न कापता सांगितलं होतंत.

तेव्हाच का नाही बोलले? नोकरी पक्की व्हायची होती, मामा. दुसरं कारण शोधूनही सापडत नाही. तुकडा ड्रॉवरमध्ये टाकला आणि वर फाइल ठेवली.

त्या दसऱ्याला हॅमरला हार घालायला मॅनेजरसाहेबांनी दुसऱ्यालाच बोलावलं. दरवर्षी तो मान तुमचा असे. तुम्ही मागे उभे राहिलात, प्रसाद घेतलात आणि मलाच म्हणालात, "हार झ्याक झालाय यंदा." अहो, भांडायचं होतंत ना माझ्याशी! चार शिव्या घातल्या असत्यात तर कदाचित तोंड उघडलं असतं मी. पुढच्या महिन्यात तुम्ही काम सोडलंत. दोनदा डोळे तपासून घेतलेत, हेही कालच कळलं. तुमचे डोळे चांगले होते हो, मामा!

काल मामींसमोर धीर झाला नाही. चहा संपवला आणि निघून आले. मला माझीच लाज वाटते.

आज तो तुकडा बाहेर काढलाय. रिपोर्ट नव्याने लिहिलाय. चूक कोणाची, तिथे माझं नाव आहे. मॅनेजरसाहेबांना देईन, मग नोकरीचं व्हायचं ते होवो. दसऱ्याला हॅमरसमोर सगळ्यांना तो मोठ्याने वाचून दाखवीन. पण त्याआधी उद्या सकाळी घणसोलीला जाऊन मामींना सांगणार आहे की भट्टी बरोबर होती. आणि विचारणार आहे, या दसऱ्याला हॅमरला हार घालायला याल का? दारातूनच परत पाठवलं, तर परत फिरेन आणि परवा पुन्हा जाईन.

तेव्हा तुमचं न ऐकलेली,
तुमची इंजिनिअर पोरगी,
वैशाली