सी उडवायचा, डी ठेवायचा

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

अपूर्वाचा फोन! हिला नाही — मला! माझ्या फोनवर लेकीचं नाव उमटलं आणि मी चष्मा काढून पुसला, परत घातला. तीन वर्षांनी.

"बाबा, तो आपला जुना कॉम्प्युटर आहे ना अजून? डी ड्राइव्हमध्ये माझी कॉलेजची ड्रॉइंग्ज आहेत. ट्रिपचे फोटो पण. सोळा तारखेला, रविवारी येते आणि घेऊन जाते. चालेल?"

"आहे. सगळं आहे," म्हणालो. "बरं, ठेवते" — संपलं. चाळीस सेकंद.

हिने स्वयंपाकघरातून विचारलं, "काय म्हणाली?" म्हटलं, "फायली हव्यात." ही माझ्याकडे बघत राहिली. मायलेकी रोज बोलतात, दार लोटून. मी पेपर वाचत बसतो.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज कॉम्प्युटर लावून बघितला. निळा पडदा, एक दुःखी चेहरा, आणि बंद! पुन्हा लावला. पुन्हा तेच. सहा वेळा केलं.

बरोबर आत्ताच! इतके महिने कोपऱ्यात गुमान चालत होता, वीजबिल भरण्यापुरता. आता मुलगी यायची म्हटल्यावर याला आजारपण सुचलं.

कॉम्प्युटरच्या डब्यावर माझी चिठ्ठी आहे, माझ्याच अक्षरात: "सी = विंडोज. डी = अपूर्वा. डी ला हात लावू नये." ती अकरावीत असताना चिकटवली होती. कंपनीत चौतीस वर्षं तपासणी खात्यात काढली. सूचना लिहिल्याशिवाय मला घरातला गॅसही लावता येत नाही, असं ही म्हणते.

५ नोव्हेंबर, बुधवार

साईनाथला फोन केला. कर्वे पुतळ्यामागे त्याचं दुकान आहे, आमच्या सोसायटीतले सगळे कॉम्प्युटर तोच बघतो. नेमका बार्शीला, बहिणीच्या लग्नात. मागून सनई ऐकू येत होती.

"काका, घाबरू नका. विंडोज नव्याने टाकावं लागेल. सी उडवायचा, डी ठेवायचा, बास. पण तुम्ही करू नका, शनिवारी मी येतो ना."

ही म्हणाली, "थांबा शनिवारपर्यंत." का थांबायचं? पस्तिशीच्या आतल्या पोरांना जे जमतं ते मला का जमू नये? व्हिडिओ बघितला. चार पानं टिपणं काढली. शेजारच्या संतोषने पेनड्राइव्हवर विंडोज भरून दिलं.

खरं लिहू का? मला अपूर्वाला सांगायचं होतं — "बिघडला होता, मीच केला नीट." बोलायला काहीतरी हवं ना. तिने धम्मदीपशी रजिस्टर लग्न केलं तेव्हा मी गेलो नाही. मुलगा खडकीचा, वडील तिथल्या फॅक्टरीत होते, शांत, शिकलेला. नाव ठेवायला जागा नाही. लोक काय म्हणतील, एवढंच होतं माझ्याकडे. आणि लग्नाच्या आदल्या रात्री जेवताना माझ्या तोंडून जे गेलं ते मी या वहीतही लिहिणार नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी तीन. झालं! पेनड्राइव्हवरून चालू केला, काळी खिडकी उघडली, टिपणात बघून एकेक अक्षर टाइप केलं. सी फॉरमॅट. "क्विक" करा असं व्हिडिओतला मुलगा सांगत होता. मला उरकाउरकी आवडत नाही. पूर्ण केला. दोन तास आकडा शंभरपर्यंत चढताना बघत बसलो. मग मोकळ्या झालेल्या जागेत विंडोज टाकलं. निळा पडदा गेला. ही चहा घेऊन आली, म्हणाली, "अरे वा!"

पाच वाजता. डी उघडला. त्यात अपूर्वा नाही.

त्यात जुनं विंडोज आहे. जे मी पुसलं असं मला वाटत होतं ते सगळं आहे. वीजबिलं आहेत, माझा पेन्शनचा अर्ज आहे. तिचं काही नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

शोधतोय. "अपूर्वा" असं लिहून शोधलं. "काही सापडले नाही."

हिला सांगितलं नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

साईनाथ आला. हिला भाजी आणायला पाठवलं आणि मगच त्याला बसवलं. त्याने डबा उघडला, पाच मिनिटं बघितलं आणि खुर्चीत मागे टेकला.

"काका, यात दोन डिस्क आहेत. दोन वर्षांपूर्वी मीच नवी छोटी बसवून दिली होती, आठवतंय? विंडोज त्या छोटीवर होतं. जुनी मोठी आख्खी डी होती."

"मग मी सीच उडवला की!"

"अहो, सी-डी हे डिस्कवर कोरलेलं नसतं. ते विंडोज देतं, चालू झाल्यावर. तुम्ही पेनड्राइव्हवरून आत शिरलात. तिथे त्याला पहिली दिसली ती मोठी डिस्क, तिलाच त्याने सी म्हटलं. छोटीला डी. आपलं घरातलं नाव त्याला काय माहीत?"

मी चिठ्ठीकडे बघत होतो. तोही बघत होता.

"साइज बघितली नाही का, काका? मोठी चारशे पासष्ट जीबी दाखवते."

बघितली होती! आकडा वाचला होता मी. तपासणी खात्यातला माणूस, शतांश मिलिमीटर चुकला तर माल परत पाठवणारा! आकडा समोर होता आणि मी अक्षरावर विश्वास ठेवला.

"परत निघेल ना?"

"क्विक केलं असतंत तर बरंचसं काढून दिलं असतं. पूर्ण फॉरमॅट म्हणजे सगळीकडे शून्यं भरली. वर विंडोज टाकलंत." डब्याचं झाकण लावता लावता म्हणाला, "तुम्ही फार नीट केलंत हो."

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर बरं वाटलं असतं.

९ नोव्हेंबर, रविवार

चिठ्ठी काढायला गेलो. निघत नाही. नखाने अर्धीच फाटली.

१० नोव्हेंबर, सोमवार

डिस्क पिशवीत घालून टिळक रोडवरच्या एका माणसाकडे नेली. हेच काम करतो — गेलेलं परत काढायचं. काउंटरवर पाटी: "आशा लावून बसू नये." पुण्यातच आहोत याची खात्री पटली. अडीच तासांनी त्याने डिस्क परत दिली. "काका, ही तुम्ही धुऊन वाळत घातलीय." पैसे घेतले नाहीत. त्यावरूनच कळलं.

घरी आलो तर ही म्हणाली, "पिशवीत काय?" म्हटलं, "काही नाही." आणि खरोखरच काही नव्हतं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आता सांगायचं कसं? सांगितलं तर ती येणार नाही. फायलींसाठीच येणार होती, फायली नाहीत, मग कशाला येईल? नाही सांगितलं तर येईल, खुर्चीवर बसेल, डी उघडेल आणि माझ्याकडे बघेल. तिचं ते बघणं मी एकदा सहन केलंय. पुन्हा जमणार नाही.

हिने वाल भिजत घालायचे ठरवलेत. डाळिंब्यांची उसळ, अपूर्वाची आवडती. "धम्मदीपरावांना तिखट चालतं का, विचारायला हवं," असं सहज म्हणाली. धम्मदीपराव! तोही येणार आहे का? मी विचारलंच नव्हतं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

फोन हातात घेतला. ठेवला. चार वेळा.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सांगितलं.

ही संध्याकाळी योगासनांना गेली तेव्हा अपूर्वाला फोन लावला. तिने लगेच उचलला. "बाबा? सगळं ठीक आहे ना?" आईला काही झालं असं वाटलं असेल तिला.

मी एकदम मूळ मुद्द्यावर यायचं ठरवलं होतं. जमलं नाही. आधी निळा पडदा सांगितला. मग दोन डिस्क. मग अक्षरं कशी बदलतात ते. पार्टिशन म्हणजे काय, पेनड्राइव्हवरून शिरलं की विंडोज कसं नव्याने मोजायला लागतं, शून्यं कशी भरली जातात — सगळं क्रमाने. टिपणं समोर होती. मला वाटत होतं, चूक कशी झाली हे तिला नीट कळलं तर ती मुद्दाम केली नाही हेही कळेल. ती "हं", "हं" करत होती. शेवटी म्हटलं, "तर त्यामुळे तुझं काहीच उरलं नाही. माझ्या हातून गेलं."

मागे कुकरची शिट्टी झाली. तिच्या घरचा कुकर मी पहिल्यांदा ऐकला.

"बरं," म्हणाली. मग म्हणाली, "मग आता येऊन काय करू?"

मी म्हणालो, "हो ना."

असं का म्हणालो? तोंडातून गेलं! तिचं म्हणणं बरोबर होतं, म्हणून बरोबर म्हटलं. चौतीस वर्षांची सवय. "ठेवते," म्हणाली. मी बंद झालेला फोन कानाला लावून तसाच बसलो होतो.

१५ नोव्हेंबर, शनिवार

ही काही बोलत नाही. तिला कळलंय. काल मायलेकी दार लोटून बराच वेळ बोलत होत्या. भांडली असती तर बरं झालं असतं. वाल मात्र सोलले, एकटीने, पाटीभर.

१६ नोव्हेंबर, रविवार

अकरा वाजता खाली रिक्षा थांबली. गॅलरीत गेलो. वरच्या मजल्यावरच्यांकडे पाहुणे.

उसळ झाली होती. दोघांनी खाल्ली. पातेलं भरलेलंच राहिलं. अर्धी हिने संतोषच्या घरी दिली.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी मेथी निवडता निवडता ही बोलली. मान वर केली नाही.

"अहो, तिच्याकडे सगळं आहे. घर सोडलं तेव्हाच कॉपी करून नेलं होतं तिने. तिला फक्त यायचं होतं. तुम्ही अर्धा तास पार्टिशन समजावलंत. ये म्हणाला नाहीत."