अडकलेलं कडं

१४ ऑक्टोबर, रविवार

मंडूक बसला. मागचं डावं चाक आधी कुरकुरलं, मग करकरलं आणि उताराच्या शेवटच्या वळणावर सरळ बाहेरच्या बाजूला झुकलं. आमची ही तिथून चालत घरी आली. पाठीवर औषधांची पेटी. मागाहून तिच्या भावाने गाडी दोर लावून ओढत आणली आणि घरामागच्या शेडमध्ये टाकली.

मंडूक म्हणजे हिच्या आरोग्य केंद्राची चार जाड टायरांची डोंगरगाडी. ही तिला नुसतं गाडी म्हणते. उभी असली तरी बेडकासारखी उडी मारायच्या बेतात दिसते, म्हणून मी मंडूक म्हणतो. उभा जन्म संस्कृत शिकवण्यात गेलेल्या माणसाची घराला एवढीच मदत — नावं ठेवणे.

एरवी या प्रसंगावर मी दोन दिवस विनोद केले असते. आज सुचत नाहीत. वर, धरणाच्या वसाहतीत आमची लेक आहे आणि तिचे दिवस भरत आलेत. दरडीने रस्ता नेला. उरली पायवाट, आणि तिच्यावरून चढतो तो फक्त मंडूक. त्या अवस्थेत लेकीला खाली आणता येणार नाही, आणि गुडघ्याची वाट लागलेली तिची आई एवढी पेटी घेऊन पायी चढू शकणार नाही. बाळंतपण करणारी नर्स या बाजूला ही एकटीच.

डॉक्टरांनी तारीख महिनाअखेरची दिली आहे. ही म्हणते, "पहिलटकरणी कॅलेंडर बघत नाहीत."

१५ ऑक्टोबर, सोमवार

शाळेतून आलो तर मेहुण्यांनी मंडूकाचा मागचा भाग पार उघडा केलेला. हिचे थोरले भाऊ टर्नर आहेत. कारखान्यात लेथ यंत्राच्या खडखडाटासमोर उभं राहून केस पांढरे झाले. मला पंतोजी म्हणतात, आणि ते आदराने म्हणतात असा माझा पहिल्या वर्षी गैरसमज होता.

बेअरिंगचा भुगा झाला आहे. काळ्या ग्रीसमध्ये गोळ्या विखुरलेल्या. मेहुण्यांनी मला समजावलं: बेअरिंगला दोन कडी असतात. आतलं कडं ॲक्सलच्या दांड्यावर घट्ट बसतं, बाहेरचं त्या दांड्याभोवतीच्या जाड नळीत. मधल्या गोळ्या फिरतात म्हणून चाक फिरतं. आता गोळ्या गेल्या, पण कडी दोन्ही आपापल्या जागी गंजून चिकटलेली.

"रेस अडकल्यात," ते म्हणाले. कारखान्यात कड्याला रेस म्हणतात. "नवं बेअरिंग माझ्या कपाटात पडलंय. जुन्या रेस निघाल्या की झालंच काम."

'निघाल्या की' एवढंच काय ते राहिलं आहे.

दोन गोष्टी इथे लिहून ठेवतो, कारण घरात त्या बोलल्या जात नाहीत. एक — हिला झोप लागत नाही. दुसरी — मेहुण्यांना उजव्या कानाने अजिबात ऐकू येत नाही, आणि डाव्याने त्यांना सोयीचं असेल तेवढंच येतं. लेथची कृपा. सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे गप्प आहेत. आम्ही मोठ्याने बोलतो. ते म्हणतात, "ओरडता कशाला?" मग आम्ही सॉरी म्हणतो, तेही मोठ्याने.

१६ ऑक्टोबर, मंगळवार

आतलं कडं निघालं.

त्याला ग्राइंडरने आडवी खाच पाडायची, पण पार जाऊ द्यायचं नाही. खालच्या दांड्याला ओरखडा गेला तर नवं कडं त्यावर कधीच नीट बसणार नाही. कागदाएवढा पापुद्रा शिल्लक ठेवायचा आणि तो छिन्नीने तडकवायचा. मेहुणे ग्राइंडर चालवत होते, मी बॅटरी धरली होती.

"पंतोजी, उजेड हलतोय."

"हात हलतोय."

"मग हात घरात ठेवून या."

ठिणग्यांचा फवारा.  त्यांनी ग्राइंडर ठेवला, छिन्नी टेकवली, एकच ठोका दिला. टक्. कडं चिरलं आणि बांगडीसारखं सैल झालं. ही दारात उभी होती. पुढे होऊन तिने दांड्यावरून बोट फिरवलं — रोग्याची नाडी बघते तसं — आणि मान हलवली. ओरखडा नाही.

जेवताना तिने मला वाढायच्या आधी भावाला वाढलं. योग्यच आहे.

१७ ऑक्टोबर, बुधवार

वाईट दिवस. लिहायचं जिवावर आलंय, पण लिहितो.

बाहेरचं कडं. नळी सोडवून व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळली. दुसऱ्या तोंडातून लांब पितळी दांडा आत घालायचा, कड्याच्या मागच्या कडेवर टेकवायचा आणि हातोडा मारायचा. एकदा डावीकडे, एकदा समोर उजवीकडे. म्हणजे कडं सरळ सरकत बाहेर येतं. आधी नळी गॅसच्या ज्योतीने तापवली, ती फुगावी म्हणून. मारलं. पुन्हा तापवलं. पुन्हा मारलं. कडं जे थोडं सरकलं ते तिथेच रुतलं.

मी नुसता बाजूला बसलो होतो. तेव्हा लक्षात आलं की डावीकडचा ठोका बद्द येतोय आणि उजवीकडचा चढा. पाठशाळेत आमचे गुरुजी डोळे मिटून बसायचे, आणि पलीकडच्या रांगेत कुणाचा चढा उदात्त स्वर खालच्या अनुदात्ताच्या वाटेने घसरला की त्यांची छडी डोळे न उघडता त्याच पाठीवर उतरायची. त्या छडीने माझे कान तयार केले. आजवर त्यांचा उपयोग एवढाच झाला होता की वर्गात मागच्या बाकावर कोण बोलतंय ते कळायचं.

"कडं तिरकं झालंय," मी म्हणालो. मग मोठ्याने म्हणालो.

मेहुण्यांनी वाकून पाहिलं, नख लावून पाहिलं. "केसभर," ते म्हणाले. "तुम्हाला कसं कळलं?"

"आवाजावरून."

ते हसले. "चला, त्या कानांचा पगार वसूल झाला म्हणायचा."

मग आम्ही कामं वाटून घेतली. कडं आधी ठोकून सरळ करायचं, मग हळूहळू बाहेर. मेहुणे मारणार, ही दांडा धरणार — तिचे हात स्थिर, त्याचीच तर तिची नोकरी — आणि मी ऐकणार. आवाज बदलला की मी सांगायचं. उत्तम बेत. तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की सांगायचं कुणाला.

डावा, उजवा, डावा, उजवा. दोन्ही बाजूंचा सूर जुळत आला होता. मग एकदम उजवीकडचा ठोका फाटला. मी म्हणालो, "थांबा!"

ही थांबली. दांडा सरकवायला तिने हात वर घेतला.

ते थांबले नाहीत.

उजवा अंगठा. ती ओरडली नाही. डोळे मिटून म्हणाली, "बर्फ." एवढंच. हातोडा मेहुण्यांच्या हातून गळून फरशीवर पडला, आणि तो आवाज मात्र त्यांना ऐकू आला असावा, कारण ते दचकले.

हाड मोडलेलं नाही. तिचं तिनेच तपासलं, तिनेच बांधलं. मला फक्त पट्टी धरायला दिली.

१८ ऑक्टोबर, गुरुवार

मेहुणे सकाळीच आले. शेडमध्ये न जाता स्वयंपाकघरात येऊन बसले.

"पंतोजी, काल तुम्ही थांबा म्हणालात?"

"म्हणालो."

"मोठ्याने?"

मी हिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "हो, दादा."

बराच वेळ कपातला चहा हलवत बसले. चहात साखर घातलेली नव्हती. मग म्हणाले, "मला नाही आलं ऐकू."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"माहीत आहे आम्हाला," ही म्हणाली. "वहिनी होती तेव्हापासून माहीत आहे."

"मग बोलला का नाहीत कुणी?"

बोललो असतो तर ऐकू कुठे आलं असतं — हे वाक्य अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. गिळलं. इथे लिहून ठेवतो, अगदीच वाया नको जायला.

दुपारी जावयाचा फोन. वर फक्त धरणाच्या भिंतीवर उभं राहिलं की फोन लागतो, त्यामुळे वाऱ्यातून तुकडे येतात. "…कळा नाहीत म्हणते, आई… पण मधूनच भिंत धरून उभी राहते… कंबर…" हिने फोन ठेवला आणि बांधलेल्या हातानेच पेटी भरायला घेतली.

"शनिवारी सकाळी निघायचंय," ती म्हणाली. विचारलं नाही.

शाळेत रजा टाकली आणि शेडमध्ये गेलो. दांडा आता लांब पकडीत धरला, माणसाच्या बोटांत नाही. पकड माझ्या उजव्या हातात. डावा हात मेहुण्यांच्या खांद्यावर. बोट डावीकडे दाबलं तर डावीकडे मारायचं, उजवीकडे दाबलं तर उजवीकडे. पूर्ण तळवा दाबला की थांब. मी त्यांचा कान, ते माझा दंड. त्यांच्या खांद्याला इतका वेळ हात लावून मी कधी उभा राहिलो नव्हतो.  

तापवणं, मारणं. बद्द, चढा. बोट डावीकडे. बद्द. पुन्हा डावीकडे. चढा, चढा — जुळलं. सारखं, सारखं, सारखं. मग आवाज एकाएकी पोकळ झाला, मी तळवा दाबला, आणि ते हवेतल्या हवेत थांबले. हातोडा वर तसाच.

कडं नळीच्या तोंडाशी येऊन लोंबत होतं. मेहुण्यांनी फडक्याने धरून ते काढलं आणि माझ्या हातात दिलं. फडक्यातूनही चटका बसला. मी सोडलं नाही.

१९ ऑक्टोबर, शुक्रवार

नवं बेअरिंग रात्रभर फ्रीजमध्ये होतं, दुधाच्या पातेल्याशेजारी. थंडीने आकसतं. नळी गरम, बेअरिंग गार, त्यामुळे आत गेलं ते विनातक्रार. शेवटच्या ठोक्याला आवाज भरीव झाला. "बसलं," मी म्हणालो. आणि खांद्यावर तळवा दाबला.

संध्याकाळी मंडूक चार पायांवर उभा. ही चढून बसली, इंजिन सुरू केलं, आणि तशीच बसून राहिली.

मंडूकाचा वेग अंगठ्यावर चालतो. उजव्या मुठीपाशी एक खटका असतो. तो अंगठ्याने दाबून धरायचा. तिने दाबला. चेहरा पांढराफटक. पुन्हा दाबला. खाली उतरली.

चाकाच्या नादात हे आमच्या कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

"मी नेतो तुला," मेहुणे म्हणाले.

ही त्यांच्या अगदी समोर गेली, ओठ दिसतील अशी. "दादा, त्या वाटेवर वरून दगड सुटतात. आधी आवाज येतो, मग दगड."

त्यांनी मान खाली घातली. मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी मागे पाहिलं. मागे भिंत होती.

मला सायकल येते. त्याहून वेगवान कशावर मी आजवर पुढे बसलेलो नाही. दिवस मावळेपर्यंत शाळेच्या मैदानावर शिकलो. दोन वेळा फुटबॉलच्या खांबांमधून आरपार गेलो. मेहुणे कडेला उभे होते. म्हणाले, "पंतोजी, दोन गोल झाले. आता ब्रेक कुठे असतो तेही बघून घ्या."

२० ऑक्टोबर, शनिवार

निघतोय. वही पेटीत टाकतो. हिने मागून माझा पट्टा धरला आहे. कंबर नाही, पट्टा. यावरून तिचा माझ्यावर किती विश्वास आहे ते कळतं. मेहुण्यांनी चाक हलवून पाहिलं, मग माझ्या खांद्यावर तळवा दाबला. ठरल्याप्रमाणे त्याचा अर्थ 'थांब' असा होतो. आज तसा नसावा.

२१ ऑक्टोबर, रविवार

वर. काल पोचलो तेव्हा कळा सुरू झालेल्या. मी दाराबाहेर होतो आणि तिथेच राहणार होतो. मग आतून ही म्हणाली, "अहो, हात धुऊन आत या. माझा हात चालत नाहीये." कोपरापर्यंत धुतले. नात माझ्या तळव्यावर आली — निळसर, गप्प. "पाठ चोळा. थांबू नका." चोळली. एक बद्द, ओला आवाज. थांबलो नाही. मग दुसरा. रडण्याचा — चढा, भरीव, बरोबर जागेवर.