तिखट न लागणारा हात

८ एप्रिल १९३२, सोलापूर

सकाळपासून घरात शिंका. आईने अंगणात मिरच्या वाळत घातल्यात, वर्षाचं तिखट कुटायचं आहे. मलाही शाळेत मिरचीच्या रसायनावर व्याख्यान द्यायचंय. विषय मीच सुचवला — बढाई अंगाशी आली!

९ एप्रिल

वाचन झालं. तिखटपणा बियांत नाही, आतल्या पांढऱ्या शिरेत आहे. द्रव्याचं नाव कॅप्सेसिन. पाण्यात विरघळत नाही. तेलात, तुपात, स्पिरिटात विरघळतं. म्हणजे ठसका लागला की आजवर घटाघटा पाणी प्यालो ते फुकट, आणि आई तुपाचा घास पुढे करते ते शास्त्र. थोडी मिरची भूक वाढवते, जास्त झाली की पोटात जळजळ. दुखऱ्या सांध्यावर तिचाच लेप. गंमत अशी की हाताला ती खरं भाजत नाही, नुसत्या मज्जातंतूंना चेतवते. कातडी शाबूत आणि माणूस मात्र तळमळतो.

१० एप्रिल, रविवार

उखळावर बायको, गोदावरी. दोन वर्षांपूर्वी कुटण्याचं काम तिने आपणहून मागून घेतलं. आईला सुनेचा केवढा अभिमान! शेजारची जगदेवी मिरच्या घेऊन आली होती. "वयनी, तुमच्या हाताला आग व्हत न्हाय? लई नशीबवान की तुमी." आई म्हणाली, "आमच्या हिचा हातच तसा आहे." आता गल्लीतल्या चार घरांच्या मिरच्या आमच्याकडे येतात.

मी टिपून ठेवलं — सवयीने मज्जातंतू बोथट होतात. व्याख्यानाला घरचं उदाहरण मिळालं.

१२ एप्रिल

एक गोष्ट खटकते. मिरच्या तर ती दोन्ही हातांनी निवडते, चाळते. पण काम झालं की उजवा हात ताकात बुडवून बसते, डावा तसाच. सवय एकाच हाताला कशी होईल? विचारलं, तर "कामं पडलीत, जाऊ द्या मला."

१४ एप्रिल

प्रयोग केला. लवंगी मिरची स्पिरिटात भिजवून अर्क काढला. गोदावरीच्या मनात नव्हतं, मी हट्टाला पेटलो. कापसाने दोन्ही हातांना लावला. उजवा मिनिटभरात लाल, तिने ओठ चावला. डावा — काही नाही. पुन्हा लावला. काही नाही. बांगड्या वर सारल्या, तर खाली रुपयाएवढा फिकट चट्टा. तिथे टाचणी टोचली. ती टाचणीकडे पाहतच नव्हती, माझ्याकडे पाहत होती.

"कधीपासून?"

"दोन वर्षं होतील."

चुलीवर हात पोळला होता, तिला समजलंच नाही. फोड आल्यावर दिसलं. कुणी काही विचारू नये म्हणून तिने कुटणं मागून घेतलं. "मिरची झोंबत नाही म्हटलं की लोक कौतुक करतात. पुढचं कुणी विचारत नाही."

मी शास्त्र शिकवतो. मीही कौतुकच केलं. लाज वाटते.

१६ एप्रिल

डॉक्टरांनी कोपराजवळची, करंगळीकडे जाणारी शीर चाचपली आणि तो शब्द उच्चारला. महारोग. कडूकवठीच्या तेलाची इंजेक्शनं, आठवड्यातून दोनदा. वाढायचा थांबेल म्हणाले, वेळेत आलात. तिखटातून कुणाला लागायचा नाही. वर्षानुवर्षं जवळ राहणाऱ्याने मात्र जपायचं. एवढं बोलून माझ्याकडे पाहिलं. गोदावरीने मान खाली घातली, ती घरी येईपर्यंत वर केली नाही.

आईला कळलं तर हिची रवानगी मंगळवेढ्याला, माहेरी. मग परत आणणं नाही. मला रोगाची भीती वाटते, खोटं का लिहू? पण ती घरात नसण्याची त्याहून जास्त वाटते.

१७ एप्रिल

व्याख्यान रद्द करून घेतलं.

१८ एप्रिल

उरलेल्या मिरच्या मी कुटल्या. आईला सांगितलं, शाळेचा प्रयोग आहे. ती कपाळाला हात लावून देवळात निघून गेली. हातांची नुसती लाही लाही. गोदावरी ताकाचं पातेलं घेऊन आली, पण पुढे करीना.

"दोन्ही हातांना झोंबतंय?"

"दोन्ही."

"करंगळीपर्यंत?"

"करंगळीपर्यंत."

"मग बरं झालं," म्हणाली, आणि डोळे पुसून ताक पुढे सरकवलं.